चिंचेने घासलेली नाणी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी महाडच्या तांबट आळीतल्या काकूचं नाव घेतो. ती माझ्या नात्यातली नव्हे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. तिथून माझे वडील तिच्या नवऱ्याच्या भट्टीला कोळसा आणून घालत. वाडीत चौथीपुढे शाळा नव्हती. एकदा पोती उतरवताना वडील म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पन ठेवायचा कुठं?" काकू आतूनच बोलली, "माळ्यावर. चार भांडी सरकवली की झालं." तेवढ्या बोलण्यावर मी मॅट्रिक झालो आणि पुढे आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्या काकूला एका शिकलेल्या माणसाने काय करून ठेवलं, ते आज लिहितो. राग अजून गेलेला नाही आणि तो आवरायचा माझा विचारही नाही.

दशमान पद्धतीचे नवे पैसे सुरू झाले त्या सुमारास लोकांनी उतरंडीतलं, देवघरातलं जुनं तांबं बाहेर काढलं. आता याला कोण विचारतो, म्हणून ते काकांकडे मोडीत आलं. फुटकी घंगाळी, हंड्यांचे कान आणि त्यांच्यात मिसळलेली नाणी. शिवराई, ढब्बू पैसे, कंपनी सरकारचे तराजूच्या चित्राचे पैसे. काका प्रत्येक नाण्याच्या कडेवर छिन्नीचा एक घाव घालत. आत तांबंच आहे की दुसरं काही, ते त्यात कळे. मग ते भट्टीच्या ढिगात जाई.

मला त्या ढिगाचं वेड लागलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण काकांनी वाट काढून दिली: जेवढ्या वजनाचं नाणं, तेवढ्या वजनाचं तांबं आण आणि घेऊन जा. सुट्टीला वाडीवर गेलो की मी घराघरांतून मोडकी पळी, भांड्याचा काठ, तारेचा तुकडा गोळा करून आणी. काका तागडीत एकीकडे नाणं टाकत, दुसरीकडे माझी मोड.

"राजाचा पैसा नेतोस नि बदल्यात फुटक्या तांब्याचा कान देतोस, काय रे?" ते म्हणत. "राजा रडंल."

"तुमच्या भट्टीत गेला तर जास्त रडंल," मी एकदा म्हणालो.

काका इतके हसले की हातातली छिन्नी घसरली आणि पुढ्यातल्या शिवराईवर घाव कडेला बसायचा तो थेट 'श्री'च्या मधोमध बसला. माझं सगळ्यांत लाडकं नाणं तेच.

मी अकरावीत असताना वाचनालयाच्या समारंभाला पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार म्हणून त्यांचं भाषण झालं. आमच्या गुरुजींनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी येऊन बघतो. एवढा मोठा माणूस आपल्या दारात येणार! मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि इकडे काकूने माझा नाण्यांचा डबा उघडून सगळी नाणी चिंच, मीठ आणि राखेने घासून लख्ख केली. तांबटाच्या घरात काळं तांबं पाहुण्यापुढे ठेवायचं म्हणजे अंगणात उष्टी भांडी मांडून ठेवण्यासारखं. शाळेतून आलो तर परातीत नाणी झगझगत होती आणि काकू दारातच उभी होती. "बघ, तुझ्या राजाला न्हाऊ घातला!"

मलाही ती सुंदरच दिसली. जुन्या नाण्यावरचा काळा थर घासून काढू नये, हे मला तरी कुठे माहीत होतं?

गृहस्थ आले, पडवीत पाटावर बसले. एक नाणं उचललं आणि हसायला लागले. तांबट आळीत कारखाने रस्त्यावर उघडे. समोरचे ठोके थांबले, माणसं माना वर करून बघू लागली.

"अहो बाई," ते मोठ्याने म्हणाले, "तीनशे वर्षं या मातीनं सांभाळलं ते तुम्ही एका दुपारी धुऊन टाकलंत! आता ही तुमच्या भट्टीतच घाला."

काकूच्या हातावर अजून चिंचेचा कोळ होता. तो तिने पदराला पुसला. गृहस्थ म्हणाले, "असं करा, मीच नेतो. नाणी कशी बिघडवू नयेत, ते दाखवायला कामी येतील." त्यांनी रुमाल पसरला. काकूने स्वतः परात त्यात रिकामी केली. "घेऊन जा साहेब," ती म्हणाली, "माझ्या हातनं पोराचं वाटोळं झालं."

त्यानंतर काकूने माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. काका मोडीतली नाणी माझ्यासाठी बाजूला काढून माळ्यावर ठेवत, त्यांनाही नाही. पुस्तक खाली पडलं तरी हाक मारून मलाच उचलायला लावी. मी बी.ए. झालो तेव्हा ओवाळायला उभी राहिली, पण ताटात टाकायला मी काढलेला तांब्याचा पैसा पाहून मागे सरली. "तो तूच ठेव. माझ्या हाताला लावू नको." आळीतल्या बायका गमतीने विचारत, "काय गो, आज कुठला राजा धुतलास?" तीही हसे. मला ते हसणं बघवत नसे.

पुण्यात नोकरीला लागल्यावर एकदा जुन्या नाण्यांचं प्रदर्शन बघायला गेलो. काचेखाली मखमलीवर लख्ख शिवराई मांडलेल्या होत्या. एकीच्या 'श्री'च्या मधोमध घाव. शेजारी चिठ्ठी: संग्राहकाने डोंगरदऱ्यांत स्वतः हिंडून मिळवलेली नाणी. आणि संग्राहक, म्हणजे तेच गृहस्थ, शेजारीच उभे, चार माणसांना समजावून सांगत. त्यांनी मला ओळखलं नाही.

मी विचारलं, "हा घाव कसला?"

"त्या काळचे सराफ अशी खूण करत."

"आणि नाणी घासलेली दिसतात. ती बाद नाही होत?"

"थोडं मोल उतरतं," ते सहज म्हणाले, "पण नाणं ते नाणंच. टाकून थोडंच देतात?"

मी म्हणालो, "हा घाव महाडच्या माझ्या तांबट काकांचा आहे. हसताना छिन्नी घसरली होती. आणि घासली ती माझ्या काकूने, जिला तुम्ही ही भट्टीत घालायला सांगितली होतीत." त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, "बरं, बरं," म्हणाले आणि माणसांना घेऊन पुढच्या काचेकडे गेले. मी दोनदा हाक मारली. शेवटी तिथल्या शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

नाणी त्यांची त्यांनाच लखलाभ. नाणी नेली याचा राग नव्हेच. माझ्यावर माया करणारा एक हात त्यांनी सगळ्या आळीसमोर अपराधी ठरवला आणि त्याच हाताने घासलेली नाणी मखमलीवर मांडली, याचा आहे. बाहेर येऊन मी समोरच्या पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेतलं आणि तिथेच उभ्याने लिहिलं:

"काकू, खुशाली मागाहून लिहितो, आधी हे ऐक. तुझ्या हातून माझं काही बिघडलं नव्हतं. तू घासलेली नाणी आज मी पुण्यात काचेखाली, मखमलीवर पाहिली. लोक रांग लावून बघतात. त्या माणसाला ती हवी होती, म्हणून तो तुला हसला. घासल्याने मोल थोडं उतरतं, एवढंच. हे त्याच्याच तोंडून ऐकून आलो. दिवाळीला येतो आहे. काकांनी बाजूला ठेवलेली नाणी अजून माळ्यावर असतील, ती सगळी चिंच लावून घासून ठेव. मला लख्खच हवीत. आणि काका, हे पत्र आत बसून वाचू नका. पडवीत उभे राहा, समोरचे ठोके थांबवायला सांगा आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा. तो माणूसही मोठ्यानेच हसला होता."