फुटबॉल जास्त दमवतो की बँड?

गेल्या महिन्यात राजापेठेत टेलरकडे गेलो होतो. लेकीचा बँडचा नवा युनिफॉर्म घालून पाहायचा होता... सव्वीस जानेवारीला दोन आठवडे उरले होते आणि तिला पहिल्यांदाच पुढच्या रांगेत जागा मिळाली होती.

टेलर मास्तरांनी तिला शर्ट घालायला लावला, दोनदा खांद्यावर ओढून पाहिला आणि मग मापांची वही काढली. मला वाटलं, शिवण चुकली, आता कारणं सांगणार... मी भांडायच्या तयारीतच होतो.

"साहेब, शर्ट बराबर हाय. पोरीचा उजवा खांदा खाली आला," ते म्हणाले. "मागच्या वर्षी मीच माप घेतलं होतं, तवा दोन्ही सारखे होते. तुमाले दिसलं नाही काय?"

नव्हतं दिसलं. खोटं कशाला सांगू...

श्रावणी नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. थोरला वेदांत अकरावीत, तो फुटबॉलवाला. मी स्वतः अकोल्याला कॉलेजच्या टीमकडून खेळलेलो, त्यामुळे आमच्या घरात पारडं कुठं झुकायचं ते सांगायला नको.

जेवताना दोघांचा रोजचा वाद, जास्त दमतं कोण? पंच अर्थातच मी, आणि निकाल आधीच ठरलेला. "बँडमधे काय, सरळ चालाचं आन वाजवाचं!" हा माझा डायलॉग येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनाही पाठ झाला होता. तीसुद्धा हसायची... म्हणून मला वाटायचं, सगळी गंमतच चालली आहे.

वेदांत मैदानावरून आला की मी त्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचो. अंडी, खजूर, केळी त्याच्या नावाची. "कुठं दुखते रे?" हा प्रश्न आमच्या घरी रोज विचारला जायचा... पण एकालाच.

डिसेंबरात वेदांतची अकोल्याला मॅच होती. संध्याकाळी अमरावतीला परतलो, त्याच्या घोट्यावर बर्फ धरून बसलो होतो, तेवढ्यात श्रावणीचा शाळेतून फोन आला. "बाबा, आज घ्याले येता काय?" एवढंच म्हणाली.

"चालत ये ना, बँडवाल्याइले तर चालाची सवय असते!" मी म्हणालो. फोन ठेवल्यावर वेदांतला हा विनोद पुन्हा ऐकवला... तो हसला नाही, हे मला आता आठवतं. ती तीन तासांची प्रॅक्टिस करून चालत आली, जेवली आणि झोपली.

टेलरकडून घरी आल्यावर तिच्या आईनं तिला आत नेऊन पाहिलं. उजव्या खांद्यावर ड्रमच्या पट्ट्याचा काळपट वळ होता. डाव्या मांडीवर, जिथं पावलागणिक ड्रम आदळतो, तिथं हाताच्या पंजाएवढं निळं झालेलं.

पट्ट्याच्या आतून तिनं फुटबॉलचा एक जुना मोजा घडी घालून शिवला होता. तो वेदांतनंच दिला होता. म्हणजे त्याला माहीत होतं... "बाबा, आमाले हाफटाइम तरी असते," एवढंच बोलून तो आपल्या खोलीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या वादात तिची बाजू घेतली आणि मला मान वर करवेना.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन महिने ड्रमला हात लावायचा नाही. लवकर आणलं असतं तर आठवड्याभराच्या आरामात भागलं असतं, असंही म्हणाले. ते वाक्य माझ्यासाठीच होतं.

पुढच्या रांगेतली जागा दुसऱ्या मुलीला गेली. श्रावणीनं स्वतः बँडच्या सरांना फोन करून सांगितलं, त्या मुलीला पट्टा कसा बांधायचा तेही समजावलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटत होतं.

सव्वीस जानेवारीला श्रावणी आणि मी मैदानाच्या कडेला उभे होतो. मी पहिल्यांदाच बँडकडे मॅच पाहावी तसा पाहत होतो...

फुटबॉलमध्ये लागलं की खेळाडू खाली पडतो. शिट्टी वाजते, कोणीतरी स्प्रे घेऊन धावत येतं, बदली खेळाडू तयार असतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मीही असंच कितीदा पडलोय, गरज नसतानाही! इथं मात्र त्या पोरी उन्हात तासभर उभ्या, मग ओझं घेऊन चाल, आणि एकीचंही पाऊल इकडचं तिकडं नाही. त्यातल्या कोणाला दुखत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"इतकं दुखत होतं तर सांगितलं काहून नाही?" मी अखेर विचारलं.

"सर म्हणतात, दुखलं तरी चेहऱ्यावर दिसलं नाई पायजे," ती समोर बघत म्हणाली. "पयले पयले लय अवघड जाते बाबा... मंग जमते."

तिच्या सरांना मी दोष देत नाही. त्यांनी ते मैदानापुरतं शिकवलं होतं. घरात तिला तसंच राहावं लागलं, ते माझ्यामुळे.

आता मी रोज विचारतो. तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसतो, खांदा चोळून देतो, "दुखते काय बेटा?" म्हणतो. ती छान हसून "नाई बाबा" म्हणते... आणि ती खरं बोलतेय की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.