मोहफुलांखालची हार्ड डिस्क

अन्याय झाला तो आमच्या गावच्या सात म्हाताऱ्या माणसांवर. सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, ग्रामसभेच्या खोलीत. जंगलावरच्या सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी त्यांनी गावाची हद्द तोंडी सांगितली होती: कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, मध्ये कोणतं झाड. ते सगळं बोलणं एकाच कॉम्प्युटरात. शुक्रवारी सुनावणी. आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून नुसतं टक्, टक्, टक्.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. आधी गुन्हेगार ठरवतो, मग तपास करतो. लाइट सारखी ये-जा करते, म्हणून अर्ध्या तासात वीजवाल्यांविरुद्ध पत्रक तयार: ‘जाणत्यांचा आवाज दाबणाऱ्यांचा जाहीर निषेध!’ हातानेच लिहिलं, कारण कॉम्प्युटर बंद. मधून मधून तो पुन्हा चालू करून पाहत होतो. एकदा वरून थापही मारली.

मंगळवारी चंद्रपुरात दुरुस्तीवाल्या भाऊंपुढे कॉम्प्युटरचा डबा ठेवला. त्यांनी वायर बदलली, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, कान दिला. “डिस्कच गेली.” मग डब्याच्या जाळीतून चिमट्याने काहीतरी चिकट ओढून काढलं आणि वास घेतला.

“मोहफुलं काऊन आहे इथी?”

“वाळत घातली होती. बाहेर बकऱ्या खातात. डबा वरून गरम असतो, म्हणून...”

“गरम हवा जायाची जागाच बुजवली तुम्ही! आन् टकटक सुरू झाल्यावर किती वेळा चालू केला?”

“दोन-तीनदा.”

त्यांनी चिमटा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“वीसेक वेळा.”

“अरे भाऊ, ते जीव सोडून राह्यली होती. तिले पडून राहू द्यायचं, तर तुम्ही पळवून राह्यले!”

पत्रक खिशातच होतं. आणखी खोल सारलं.

गुरुवारी भाऊंनी त्याच डिस्कमधून सहा जणांचं बोलणं कसंबसं परत काढून दिलं. सातवं गेलं. गेलं तेही सगळ्यात वयस्क बाईंचं, आणि नाल्यापलीकडची हद्द त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. खाली मान घालून त्यांच्या ओसरीवर गेलो.

“मशीनमध्ये जपून ठेवतो मनलं होतं ना तू?”

“एकाच जागी होतं, बाई.”

“एकाच जागी? मी धानाचं बी तरी एका घरी ठेवतो का? अर्धं इथी, अर्धं सावली गावाले लेकीकडे. दोन्ही गावचे उंदीर काही ठरवून येत नाई. काय शिकला रे तू?”

मग पहिल्या झाडापासून पुन्हा सगळं सांगितलं त्यांनी, मध्ये मला दोन शिव्या घालून. मी फोनवर घेतलं आणि ओसरी उतरायच्या आत त्यांच्या नातीच्या फोनवर पाठवलं. शिव्यांसकट. शुक्रवारी सुनावणीत सातही आवाज वाजले. शिव्याही वाजल्या.

तर गुन्हेगार सापडला आहे, तोच हे लिहितो आहे. पण हसू नका. तुमच्या गावची हद्द, तुमच्या माणसांचं बोलणं आत्ता किती जागी आहे? एकाच? मग पत्रक खाली ठेवा, उठा, दुसरी कॉपी काढा आणि ती दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. आणि त्या डब्यावरचं वाळवण आधी उचला.