निरगुडीची धुरी

भुकूमला टेकडीच्या पायथ्याशी एकोणीस बंगल्यांची एक सोसायटी आहे. तिच्या गेटवर वही ठेवलेली असते. नाव, मोबाइल, कुठून आलात, कुणाकडे, काय काम. नथूकाका गेली सहा वर्षं त्या वहीत ‘कुठून आलात’ या रकान्यात न चुकता ‘हितलाच’ असं लिहितात. तीन वॉचमन बदलले, कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? गेट जिथे आहे तिथे त्यांच्या भाताच्या खाचराचा बांध होता. अकरा नंबरच्या बंगल्यात सोफा मांडलाय तिथे पाणी तुंबायचं, आणि ते दिवाळीपर्यंत हटायचं नाही, हे नथूकाका त्या सोफ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात. पाहुणे पाय वर घेतात.

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो, म्हणून हे सगळं मला फुकटात ऐकायला मिळतं.

जमीन गेली तेव्हा नथूकाकांनी आलेल्या पैशांतून सहा खोल्या बांधल्या आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात पत्रा वाकवायला लागले. तिथे मोठमोठ्या इमारतींसाठी एसीचे डक्ट बनायचे. डक्ट म्हणजे पत्र्याचा चौकोनी बोगदा. एक मोठं मशीन हवा थंड करतं आणि ती या बोगद्यांतून घरभर फिरते. बोगदा दिसू नये म्हणून खाली दुसरं छत मारतात, त्याला फॉल्स सीलिंग म्हणतात. नथूकाका त्याला खोटं छत म्हणतात. कारखाना बंद पडला तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपल्याच शेतात एकोणीस खोटी छतं उभी राहिली आहेत आणि त्यांच्या वर काय साठलंय हे एकाही मालकाला माहीत नाही. त्यांनी शिडी घेतली, ब्रश घेतले, ढोलाएवढा व्हॅक्यूम घेतला आणि विकलेल्या शेतात पुन्हा कामाला जायला लागले. वर्षातून दोन सुग्या. एक पावसाळ्याआधी, एक नंतर.

काम मात्र चोख. पत्र्यावर बोटाची पेरं वाजवून आत किती धूळ आहे ते सांगायचे. जाळी काढली की पहिलं बोट आत. त्यांचं शास्त्र त्या एका बोटावर चालतं. बोटाला लागलेली धूळ फुंकरीनं उडाली तर साफसफाई पुरते. नाही उडाली, चिकटून राहिली, तर मग प्रकरण वेगळं. “चिकाट धूळ म्हंजे पत्रा आजारी हाय,” असं ते म्हणतात. आजारी माणसाला नुसती आंघोळ घालून भागत नाही, हेही पुढे जोडतात.

आता असा माणूस चुकला कुठे, ते सांगतो.

अकरा नंबरमध्ये अनसूयाबाई राहतात. परभणीच्या. मुलगा अमोघ आणि सून क्षितिजा दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी दोघं गेले की एवढ्या बंगल्यात या एकट्या. नथूकाका आले की त्यांना बोलायला माणूस मिळायचा. काका शिडीवर आणि त्या खाली खुर्ची टाकून, अशा कितीतरी दुपारी गेल्या असतील. काका त्यांना अक्का म्हणतात, त्या यांना नथूभाऊ.

तर त्या घरात पावसाळ्यानंतर कुबट वास यायचा. काका साफ करून जायचे, आठ दिवसांत वास परत. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा काका खजील झाले. आणि खजील झालेला माणूस घरातलं काहीतरी आठवतो. त्यांना कणगी आठवली. भात साठवायची बांबूची ती मोठी टोपली पावसाळ्यात अशीच कुबटायची. मग त्यांची आई काय करायची, तर नवं भात भरण्याआधी घमेल्यात गोवरीचा इस्तव, म्हणजे निखारे, घ्यायची, त्यावर ओढ्याकाठचा निरगुडीचा पाला टाकायची आणि कणगीला आतून धुरी द्यायची. कीड जायची, वास जायचा.

काकांनी तेच केलं. हवा आत खेचणाऱ्या मोठ्या जाळीखाली घमेलं ठेवलं, पंखा चालू केला, पाला टाकला. पंधरा मिनिटांत निरगुडीचा वास देवघरापासून अमोघच्या कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत पोचला. अनसूयाबाई खूश. त्यांना म्हणे माहेरच्या अंगणात बसल्यासारखं वाटलं. क्षितिजानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की आमचे काका ऑरगॅनिक पद्धतीनं डक्ट शुद्ध करतात. त्या एका शब्दानं घात केला. पुढच्याच आठवड्यात आणखी पाच घरांनी धुरी मागितली. काकांनी ओढ्याकाठची निरगुडी बोडकी केली आणि दर आश्विनात सहा घरं धुरावली. अकरा नंबरला अक्कांच्या आग्रहाखातर मार्गशीर्षातही एक जादा. धुरीच्या घरांत जाळी काढून बोट आत घालायचं मात्र तेव्हापासून राहूनच गेलं.

यंदा तशीच मार्गशीर्षातली वर्दी आली. शनिवार होता, मला सुटी. काकांनी नुकताच एक लांब वायरीचा कॅमेरा मागवला होता. तो बोगद्यात सोडायचा आणि फोनवर आतलं बघायचं. पण काकांच्या फोनला तो ओळख देईना, माझ्या फोनला दिली. त्यामुळे माझा फोन त्यांच्यासोबत निघाला आणि फोनबरोबर मी.

अनसूयाबाईंनी दार उघडलं ते खोकतच. महिना झाला म्हणाल्या. चार पायऱ्या चढल्या की धाप. पौड रोडच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी छातीचा फोटो काढला आणि चौकशा केल्या. घरात पक्षी पाळलाय का, गालिचे किती, धूर असतो का. त्यांनी सांगितलं, गॅसवर स्वयंपाक करतो, उदबत्तीसुद्धा विजेच्या दिव्याची लावतो, धूर कुठला.

काका तेव्हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. तिथेच थांबले. मला वाटलं, तोल गेला. पण ते नुसते उभे होते.

मग वर गेले, जाळी काढली, बोट आत घातलं. फुंकर मारली. धूळ उडाली नाही. लेंग्याला पुसलं, तरी बोट पिवळट काळंच राहिलं. कॅमेरा सोडला तेव्हा माझ्या फोनवर जे दिसलं ते आधी मला कळलंच नाही. हवेचा आवाज होऊ नये म्हणून या बोगद्याला आतून काचेच्या कापसाचं अस्तर असतं. ते अस्तर म्हातारीच्या जटेसारखं सुटून लोंबत होतं. त्यावर काजळीचा चिकट थर, थरावर तीन वर्षांची धूळ आणि धुळीवर बुरशीचे काळे ठिपके. सांध्यांवर गंज. खाली तुंबणारं खाचर, वर थंड पत्रा, ओल धरणारच. त्या ओलीला धुरीनं चिकटायला जागा करून दिली होती.

काकांनी जाळी परत बसवली आणि अक्कांना वायर आणतो म्हणाले. वायर त्यांच्या पिशवीतच होती. शिडी हॉलच्या मधोमध ठेवून आम्ही घरी आलो.

सारजाबाई, म्हणजे काकू, ओसरीत तांदूळ पाखडत होत्या. काका त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पुढे असंही म्हणाले की कडक ब्रशनं वरची काजळी उतरवता येईल, वास महिनाभर येणार नाही, कुणाला कळायचं कारण नाही. खरं सांगितलं तर ग्रुपवर एक ओळ पडेल आणि एकोणीस घरं बंद. घरं बंद म्हणजे गेट बंद. पोटाचं भागत होतं, खोल्यांचं भाडं येत होतं. पण वहीत ‘हितलाच’ लिहून आपल्या खाचरात पाय ठेवायचा तो एवढाच एक रस्ता उरला होता. हे शेवटचं काका बोलले नाहीत. काकूंना ते सांगायची गरज नव्हती.

काकू पाखडत राहिल्या. मग सूप खाली ठेवून सासूची आठवण काढत म्हणाल्या, “आत्याबाई कणगीला धुरी द्यायच्या, व्हय. पर कणगीत भात ऱ्हातं. तितं माणसं ऱ्हात्यात.”

एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा उचललं. काका उठले. चहासुद्धा घेतला नाही, आणि काका चहा सोडतात ही बातमी आहे.

आम्ही परत गेलो तेव्हा क्षितिजाही घरी आली होती. काका सोफ्यावर बसले नाहीत. शिडीला हात धरून उभे राहिले.

“अक्का, डॉक्टरनं धुराचं इचारलं तवा तुमी न्हाई म्हणलात. धूर हाय तुमच्या घरात. मीच घातलाय.”

अनसूयाबाईंना कळेना. “ती तर निरगुडी हाय की ओ, नथूभाऊ.”

“निरगुडीचा बी धूरच असतुया.”

मग त्यांनी मला फोन पुढे करायला लावला. क्षितिजानं तो लोंबणारा कापूस दोन बोटांनी मोठा करून बघितला. बोलली तेव्हा आवाज चढला नव्हता, पण चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, “काका, मी ग्रुपवर तुमची रेकमेंडेशन्स टाकत होते. आईंना इथे श्वास घेता येत नाहीये.”

तिनं विचारलं की नीट साफ केलं तर होणार नाही का. काकांनी सांगितलं की आता ब्रश लावला तर कापूस आणखी सुटेल आणि घरभर उडेल. साफसफाईची वेळ गेली. खोटं छत उघडायचं, अस्तर सगळं काढून टाकायचं, पत्रा घासून गंज उतरवायचा, फाटलेले सांधे नव्यानं बांधायचे, ओल येते तिथे बाहेरून लपेटायचं, आणि तोवर मशीन बंद. अक्कांनी खिडक्या उघड्या ठेवायच्या. क्षितिजा म्हणाली, मी शहरातल्या कंपनीला विचारते. काका बरं म्हणाले आणि निघाले. शिडी तशीच राहिली. आणायला जायची त्यांची हिंमत झाली नाही.

पुढचे नऊ दिवस काका घरात असे वावरत होते की आम्हा भाडेकरूंनाच आपण काहीतरी केल्यासारखं वाटायला लागलं. त्यातल्या एका सकाळी मात्र ते उठून गेले आणि धुरी दिलेल्या उरलेल्या पाचही घरांत तेच सांगून आले. दोन घरांनी तिथल्या तिथे यापुढे येऊ नका म्हटलं. एकानं दार अर्धंच उघडलं. वॉचमननं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी काकांनी वहीत कामाचा रकाना कोराच सोडला होता.

दहाव्या दिवशी क्षितिजाचा फोन आला. कंपनीची दोन माणसं येऊन गेली होती, हातात टॅब घेऊन. अस्तर वगैरे ठीक आहे, अर्ध्या दिवसात मशीननं साफ करून देऊ, वर्षाचा करार करा, असं म्हणाली. नमुना म्हणून त्यांनी एका जाळीमागचा भाग चकचकीत करून दाखवला. ती गेल्यावर क्षितिजा हॉलमध्ये उभ्या असलेल्या शिडीवर चढली आणि त्या चकचकीत जागेत बोट घातलं. फुंकर मारली.

“काका,” ती फोनवर म्हणाली, “धूळ उडत नाहीये.”

काकांनी आपलं बोट लेंग्याला पुसलं.

“तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करायचं. सामान आम्ही आणतो. आणि तुमची शिडी घरात अडचण करतेय.”

माझ्या ऐकण्यात तरी नथूकाकांना इतकं गोड कुणी कधी बोललेलं नाही.

काम अकरा दिवस चाललं. अक्कांना तेवढे दिवस मागच्या दोन खोल्यांत हलवलं, मधली फट प्लास्टिकनं बंद केली. काका तोंडाला मास्क बांधून अस्तर पिशव्यांत भरत होते, सांधा सांधा उकलून नव्यानं बसवत होते. कारखाना सुटल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच पत्रा असा मनापासून हातात घेतला होता, ते त्यांच्या शिव्यांवरून कळायचं. साफसफाई करताना ते कधी शिव्या देत नाहीत. मधल्या काळात डॉक्टरांनी अक्कांची औषधं बदलली. खोकला धुरीनं झाला, बुरशीनं झाला की आणखी कशानं, हे त्यांनीही नेमकं सांगितलं नाही. काकांनी मात्र तो पूर्ण आपल्या नावावर करून घेतला आहे आणि कुणाला त्यात वाटा द्यायला ते तयार नाहीत.

शेवटच्या दिवशी मशीन चालू केलं. अनसूयाबाई जाळीखाली येऊन उभ्या राहिल्या. दोनदा श्वास ओढला. अजून थोडं खोकल्या, पण पूर्वीसारख्या वाकल्या नाहीत.

“कशाचाच वास येईना की.”

“येनारच न्हाई,” काका म्हणाले. “आता नुसती हवा हाय ती.” आणि हे सांगताना त्यांचा चेहरा थोडा उतरला होता, हे मी पाहिलं.

अक्कांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी विचारलं, तांदळाच्या डब्यात घालायला थोडा निरगुडीचा पाला मिळेल का, किडे फार होतात. दुसऱ्या दिवशी काका ओढ्यावर गेले. बोडक्या केलेल्या निरगुडीला नवे फुटवे आले होते. ओंजळभर पाला सावलीत सुकवून त्यांनी नेऊन दिला. अक्कांनी डबा उघडला, पाला आत सारला, झाकण लावलं.

झाकण घट्ट बसेपर्यंत काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नंतर त्यांनी ओट्यावरून नजर फिरवली, काडेपेटी कुठे दिसते का बघितली, आणि मगच चहाला हो म्हणाले.