ब्रेकपुरतं अरे-तुरे

आदल्या संध्याकाळी लिमयांचा फोन आला होता. "मास्तर, उद्या सकाळी या. मागच्या चाकांच्या ब्रेकचे रबर बदललेत, आता हवा काढायची आहे. चहा घरूनच पिऊन या, माझ्याकडचं दूध नासलंय." एवढं बोलून फोन ठेवला. सकाळी मी माझी ठेवणीतली मळकी विजार चढवली आणि बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी पोचलो, तर वॉचमन म्हणाला, "लिमयेसाहेब गेले." मी वैतागून म्हटलं, "मला बोलावून हे गेले कुठे?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा कळलं... झोपेतच गेले होते. ऑइलचे डाग पडलेल्या त्या विजारीतच मी वैकुंठ स्मशानभूमीत गेलो. लोक बघत होते. लिमये असते तर म्हणाले असते, "मास्तर, आज तरी धुतलेली घालायचीत."

लिमये एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे, मी शाळेत मराठी शिकवायचो. दोघेही निवृत्त, सकाळी फिरायला जाताना ओळख झालेली. वहिनी गेल्यावर बरेच महिने ते कुणाशी धड बोलत नव्हते. मग एक दिवस भंगारात निघालेली एक जुनी मिनीबस घेऊन आले. आतल्या सीटा उपटल्या, झोपायला दोन बाकं ठोकली, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना वहिनींच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. फिरतं घर! त्यातून कन्याकुमारीपर्यंत जायचं म्हणे. बस अशी, की एक दुरुस्ती संपली की दुसरी हजर. मी एकदा विचारलं, "अहो लिमये, सरळ गॅरेजात का देत नाही?" म्हणाले, "गॅरेजवाला दुरुस्त करून देईल. मग मी काय करू?"

आमची कन्याकुमारी लोणी काळभोरलाच आली. हायवेवर इंजिन तापलं, बोनेटमधून वाफा निघायला लागल्या आणि आम्ही एका रसवंतीपाशी बस कडेला घेतली. रसवंतीवाल्या मावशी पडद्यांकडे, शेगडीकडे टकामका बघत म्हणाल्या, "आगं बया, एवढं बिऱ्हाड घिऊन कुठं निघालाय?" लिमये गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "निघालोय कुठे? पोचलो." आम्ही रस प्यालो, मावशींच्या कळशीतलं पाणी रेडिएटरला पाजलं आणि गुपचूप परत आलो. त्या दिवसापासून बसचं नाव बिऱ्हाड.

पण मला सांगायचंय ते ब्रेकबद्दल. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल नुसतं आत जातं, ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली झोपून चाकापाशी एक छोटं निपल असतं ते सैल करायचं, बुडबुडे बाहेर पडले की पुन्हा आवळायचं. ते आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा परत आत. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. सगळा कारभार तीन शब्दांवर... दाबा, धरा, सोडा. पेडलवर मी असायचो.

एकदा त्यांची मुलगी अनुजा बंगळूरहून आलेली होती. बॅटरीवर चढलेला पांढरा थर धुवायला लिमयांनी तिला घरातून खाण्याचा सोडा आणायला पाठवलं आणि तेवढ्यात आम्ही हवा काढायला घेतली. मी पेडल दाबून बसलोय, खाली निपल उघडं आहे, आणि लिमयांना गाडीखालून तिच्या चपला येताना दिसल्या. त्यांनी विचारलं, "सोडा?" मी सोडलं. झालं! सकाळभराची मेहनत पाण्यात. लिमये सरपटत बाहेर आले, कपाळाला ब्रेक ऑइल.

"मास्तर, जन्मभर मराठीच शिकवलंत ना?"

"हो. आज्ञार्थाचं आदरार्थी रूप असंच होतं."

"त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं."

"ते गाडीखालून वर दिसलं नाही."

अनुजा सोड्याची पुडी हातात धरून पोट धरधरून हसत होती. लिमयांनी तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "यापुढे ब्रेकपुरतं मी तुम्हाला अरे-तुरे करणार. हरकत असेल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, "करा बापडे." ते पुन्हा खाली गेले आणि आवाज आला, "दाब... धर रे, धर... सोड."

हसू नका, पण तो 'रे' मला कितीतरी वर्षांनी ऐकू आला. आई गेली, थोरला भाऊ गेला, शाळेतले सोबती एकेक करून गेले. बायको अहो म्हणते, मुलं बाबा म्हणतात, बाकी सगळ्या गावाचा मी सर. घर माणसांनी भरलेलं आहे, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण मला 'अरे' म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं, आणि ते मला त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर कळलं. काम संपलं की लिमये हात पुसत म्हणायचे, "अहो मास्तर, साबण घ्या." की पुन्हा दोघेही अहो. खरं सांगू? ब्रेक नीट लागले की मला वाईट वाटायचं. एकदा ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, "सर, इतक्यांदा हवा काढावी लागत नाही हो." मी ते लिमयांना सांगितलं. ते पान्यावरचं ऑइल पुसत राहिले, मग म्हणाले, "त्याला काय कळतंय? रविवारी या."

परवा अनुजा पुन्हा आली. "काका, कमिटीचे मेसेजवर मेसेज येतायत, पार्किंग क्लिअर करा म्हणून. बाबांचं बिऱ्हाड मला भंगारात द्यायचं नाहीये." मी लोणीला जाऊन मावशींना भेटलो. त्यांनी बातमी ऐकली, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "रानाच्या कडंला जागा हाय. आणून लावा. पाव्हण्यारावळ्याला खोली व्हईल." पण बस तिथपर्यंत न्यायची तर ब्रेक हवेत, आणि ते काम लिमये अर्धवट ठेवून गेलेले. अनुजा म्हणाली, "मेकॅनिकला बोलवू?" मी म्हटलं, "नको. हवा तेवढी आपण काढू. तू वर बस."

चाकांना दगड लावले आणि लिमयांच्या फाटक्या सतरंजीवर मी पहिल्यांदाच गाडीखाली झोपलो. गुडघ्यांनी बोंब ठोकली. इतके दिवस मी वर बसून ऐकत आलो, खालून काय दिसतं ते आता कळलं. काहीच दिसत नाही. तिथे आपणच बोलायचं आणि वर कुणीतरी आहे असं धरून चालायचं. मी म्हटलं, "दाब." मग म्हटलं, "धर." निपल सैल केलं, बुडबुडे फसफसत निपलखाली ठेवलेल्या बाटलीत उतरले. निपल पुन्हा आवळलं. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो मी नेहमी ऐकलेला, म्हणालो कधीच नव्हतो, आणि तो काही केल्या तोंडातून फुटेना... मी पाना हातात घेऊन गाडीच्या पोटाकडे बघत पडून राहिलो.

"काका?" वरून अनुजाचा आवाज आला. "सोडू का?"

"धर," मी म्हणालो. "धर अजून जरा..."