डाव्या कोपऱ्यावरची विजू

फोन आला तेव्हा मी पेणला आमच्या शाळेच्या मैदानावर पंच म्हणून उभी होते. तोंडात शिट्टी, चढाई करणारी पोरगी मध्यरेषेच्या पार, आणि खिशात मोबाइल थरथरतोय. मैदानावर फोन आणायचा नाही हा नियम मीच पोरींना घातलेला, पण त्या दिवशी मी तो मोडला होता, कारण विजूचा फोन यायचा होता. नाव तिचंच दिसलं. बोलला मात्र तिचा भाऊ दिलीप. "कुंदाताई, विजू गेली," एवढंच त्याला बोलता आलं. सकाळी चहा पिताना मेंदूत रक्तस्राव झाला... मी शिट्टी फुंकली. कशासाठी फुंकली ते अजून सांगता येत नाही. दोन्ही संघ जागच्या जागी थांबले आणि गुण कोणाला मिळाला म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

त्याला आता काही आठवडे झाले. पेपरात तिच्याबद्दल बरंच आलं. शांत, संयमी, मितभाषी. वाचून मला हसू आवरेना. मितभाषी आणि विजू? अहो, ही बाई रोह्याहून पेणला येताना वडखळच्या वाहतूक कोंडीत अडकली की फोनवर समोरच्या ट्रकपासून थेट सरकारपर्यंत एकेकाचा उद्धार करायची, आणि शेवटी म्हणायची, "कुंदे, चहा टाक, आलेच." लहान बाळांच्या हृदयाची एवढी मोठी सर्जन, पण कैरीच्या फोडीवरून माझ्याशी भांडायची. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. मी साधी पीटीची निवृत्त शिक्षिका, लेखणीपेक्षा शिट्टीची सवय जास्त. पण विजूचा हात माझ्याएवढा कोणी धरलेला नाही, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

रोह्याच्या शाळेत आम्ही दोघी कबड्डीच्या संघात होतो. ती डाव्या कोपऱ्यावर, मी तिच्या शेजारी. साखळी धरायची म्हणजे तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. माझा तळवा घामाने चिंब, तिचा कोरडा ठणठणीत. समोरची पोरगी दम घेऊन आत आली की मला धीर धरवायचा नाही, कधी एकदा झेपावते असं व्हायचं, आणि विजू माझी बोटं दाबून मला मागे ओढून ठेवायची. थांब... थांब... त्या पोरीचा पाय जरा लांब पडला रे पडला की विजू खाली गेलेली असायची, घोटा तिच्या दोन्ही हातांत, आणि मी वरून कंबर धरलेली. एकदा गावच्या जत्रेतल्या सामन्यात तिनं असे लागोपाठ तीन घोटे धरले. तिचे वडील कंपनीतली शिफ्ट संपवून तसेच युनिफॉर्मवर आले होते, ते नाचायलाच लागले.

पुढं ती मुंबईला डॉक्टरकीला गेली, मी लग्न होऊन पेणला आले. हृदयाची सर्जन व्हायला तिला इतकी वर्षं लागली की माझा मुलगा अमित तोवर दहावी झाला होता. मोठ्या माणसांची हृदयं सोडून बाळांचीच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मोठ्यांनी निदान विड्या ओढलेल्या असतात, तेल खाल्लेलं असतं. या पिल्लांनी काय केलंय? मग महिन्यातून एका रविवारी ती पेणला एका ओळखीच्या दवाखान्यात बाळं तपासायला येऊ लागली. रांग लावायचं काम माझं. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांतल्या बायका यायच्या, हातांवर मूर्तींचा रंग तसाच. खाडीकडच्या मिठागरांवरच्या यायच्या. विजूचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, दूध पिताना घाम येतो का गो याला? एखादी आई चमकायची. व्हय बाय, दोन घोट घेतलं का दमतंय, कपाळ भिजतंय. कोणालाच न सुचलेलं या बाईला कसं कळलं, असं तिच्या डोळ्यांत दिसायचं.

तिची एक सवय मला तिथं कळली आणि अजिबात आवडली नाही. ज्या बाळाचं ऑपरेशन करायचं, त्याचं हाकेचं नाव ती विचारायची नाही. कागदावर असेल ते असेल. आईनं कौतुकानं सांगायला तोंड उघडलं की ही म्हणायची, "नाव नंतर." मला वाटलं, शहरात राहून माजली. जेवताना चांगली तोंडावर बोलले तिला. तिनं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, आत टेबलावर मला सोनू-मोनू नको असतो गो, मला फक्त हृदय दिसायला हवं. सोनू दिसला की हात बिचकतो. बाळ धोक्याबाहेर आलं की ती स्वतः आईजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, काय म्हणता याला घरी? काहींचं विचारायचं राहूनच गेलं. तीच बाळं आपल्या जास्त लक्षात आहेत, असं ती एकदा म्हणाली.

तिचं काम मी एकदा पाहिलं. शिकाऊ डॉक्टर पडद्यावर ऑपरेशन बघतात त्या खोलीत तिनं मला बसवलं, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. बाळाचं हृदय ते केवढं, मोठ्या आवळ्याएवढं. रक्त फिरवायचं काम एका यंत्रानं घेतलं आणि हृदय थांबवलं. थांबवलं म्हणजे खरंच थांबलं हो! मी खुर्चीची कड धरली. विजूच्या डोळ्यांवर भिंगांचा चष्मा, धागा इतका बारीक की पडद्यावर मोठा करूनही मधेच दिसेनासा व्हायचा. टाका घट्ट झाला तर चिरणार, सैल राहिला तर गळणार. आणि घाई तर करायलाच हवी, कारण थांबलेलं हृदय फार काळ तसं ठेवता येत नाही. पण तिची घाई दिसतच नव्हती. एकामागून एक टाका... मग शिवून झालं, रक्त परत सोडलं, आणि ते एवढंसं हृदय आधी थरथरलं, मग एकदा आपटलं, मग धडधडायलाच लागलं. मी उभी राहून ओरडले, "शाब्बास विजे!" तिथली पोरं दचकली. नंतर विजूनं मला चांगलं झापलं, आणि झापता झापता तिलाच हसू फुटलं.

मग माझ्याच घरात नात झाली, आणि जन्मली ती निळी. ओठ निळे, नखं निळी. पेणच्या डॉक्टरांनी लगेच सलाइन लावून मुंबईला विजूकडे अँब्युलन्स काढून दिली. वाटेतलं जिते गाव गेलं, पुढचे फाटे गेले, मी सगळा वेळ त्या पोरीच्या नखांकडे बघत होते. विजू हॉस्पिटलच्या दारातच उभी होती. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट्या जोडल्या गेल्यात, त्या कापून सुलट्या करायच्या, असं तिनं माझ्या सुनेला, प्राचीला, नीट समजावलं. अवघड भाग वेगळाच होता. हृदयाचं स्वतःचं पोट भरणाऱ्या दोन बारीक वाहिन्या, शेवईएवढ्या, त्याही उचलून नव्या जागी लावायच्या. एक जरी पिळली तर...

मी बाळाला तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही. तू घरची आहेस, तूच करशील ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माझी कोणी असती तर मी हात लावला नसता. ही अजून तुझी हाय, कुंदे. माझी करू नको इतक्यात." आणि आत निघून गेली.

मागे तिचं ऑपरेशन पडद्यावर पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. बाहेर बाकावर बसून मला सगळं दिसत होतं. आता थांबवलं असेल. आता ती शेवई उचलली असेल. प्राचीला बाळंतपणाचे टाके पडलेले, ती तशीच भिंतीला टेकून बसलेली, आणि मी तिचा हात धरून मनात त्या दोन वाहिन्यांना दमात घेत होते, पिळू नका म्हणून. विजू बाहेर आली ती सुजल्या चेहऱ्यानं, झालं म्हणाली, आत्ता काही विचारू नका. बाळाच्या हृदयाला सूज होती म्हणून छाती लगेच शिवली नव्हती. जखमेवर लावलेल्या पारदर्शक पापुद्र्याखाली ते हृदय उडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी छाती बंद केली. त्यानंतर विजू आमच्या बाकावर येऊन बसली, पायातल्या चपला काढल्या, पाय लांब केले आणि विचारलं, "काय गो, नाव काय ठेवताय?"

मी आयुष्यात एवढी कधी रडले नाही. प्राचीला काही कळेना, ती घाबरली. तुझंच, विजया ठेवू, मी म्हटलं. एवढं जुनाट नाव देऊन पोरीला कशाला छळता, विजू म्हणाली. मग तन्वी ठेवलं.

तन्वीला आता दहावं लागलंय. पाय जमिनीवर ठरत नाहीत. कबड्डी खेळायची म्हणून हट्ट धरून बसलेली, आणि प्राची म्हणायची, शक्य नाही. मी पीटीची बाई, शेकडो पोरी मातीत उतरवल्या, पण हिच्या बाबतीत माझीही जीभ उचलत नव्हती. विजू दरवर्षी तपासायची आणि म्हणायची, अजून थांब. गेल्या रविवारी पेणला आली... गेल्या म्हणजे तिच्या शेवटच्या. जेवताना तन्वीनं सरळच विचारलं, विजूमावशी, खेळू का? विजू म्हणाली, एकदा मशीनवर पळवून बघते, तारीख कळवते. त्याच तारखेचा फोन यायचा होता.

ती गेल्यावर प्राची म्हणाली, आता विषय संपला, त्यांच्याशिवाय मी कोणाचं ऐकणार नाही. तरी तपासणी चुकवता येत नाही, म्हणून गेलो. विजूच्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टर नदीमनी तन्वीला मशीनवर घाम फुटेस्तोवर पळवलं, त्या दोन वाहिन्या फिरून फिरून पाहिल्या आणि म्हणाले, खेळू द्या. प्राचीनं विचारलं, मॅडम असत्या तर काय म्हणाल्या असत्या? "ते मला माहीत नाही. मॅडमच्या नावावर मी नाही सांगणार. हे मी सांगतोय." घरी येताना प्राचीनं तन्वीसाठी गुडघ्याचे पॅड आणले.

परवा छोट्या गटाचा सामना होता. पंच दुसरी होती, मी आणि प्राची रेषेबाहेर मातीत बसलेलो. तन्वीची पहिली चढाई. गेली ती थेट आत, कसलाच अंदाज नाही, आणि चार पोरींनी तिला छातीवर पाडून दाबलं. प्राचीची नखं माझ्या दंडात रुतली. ढीग उठला. तन्वी उठली, तोंडात माती, आणि आमच्याकडे धावत आली. "आजी, मी मेले!" ओरडली, आणि दात दाखवून हसली. कबड्डीत बाद झालेल्याला मेलाच म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द ती जन्मली तेव्हापासून कोणी उच्चारलेला नव्हता. प्राची हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

तन्वी माझ्या मांडीला मांडी लावून धापा टाकत बसली. मी तिच्या बनियनवर, त्या उभ्या व्रणावर हात ठेवला. आत विजू नुसती धावत होती, जोरात, एकसारखी, कुठंही न अडखळता. मला तो हात तिथंच ठेवायचा होता. तेवढ्यात आमच्या पोरीनं पलीकडची एक बाद केली; पलीकडची एक मेली की इकडची मेलेली एक उठते, म्हणून पंचांनी तन्वीला आत बोलावलं.

"काढ ना गो हात, आजी. मला उठवलं."

मी हात काढला.