सगळ्यांना सत्तर

निकालाचा आठवडा आला की आमच्या स्टाफरूममध्ये किस्स्यांची आवक सुरू होते, सांगलीच्या यार्डात हळदीची होते तशी. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, ढीग आपोआप लागतो. आमचा कोर्स लॅब टेक्निशियनचा. मार्क तीन ठिकाणचे: लेखी, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट. पूर्वी तिन्हींची बेरीज करून तीनानं भागायचं, विषय संपला. मग वेटेज आलं, आणि त्याच्यामागून एकेक धक्के.

*

वेटेज ठरवायच्या मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "कुणावर अन्याय नको. तिन्हींना पन्नास-पन्नास टक्के द्या!"

परीक्षा विभागाचे कदम सर साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त झालेले. ते चक्क उभे राहिले. "सर, दीडशे होतात."

"मग पोरांचा फायदाच आहे की!"

शेवटी लेखीला पन्नास, प्रॅक्टिकलला तीस आणि प्रोजेक्टला वीस ठरलं. उरलेले पन्नास आम्ही घालवले, असं प्राचार्य अजून म्हणतात!

*

पहिल्याच वर्षी सागर नावाच्या मुलाला लेखीत वीस, प्रॅक्टिकलला साठ आणि प्रोजेक्टला पंचाण्णव पडले. त्यानं जुन्या पद्धतीनं भागून घरी अठ्ठावन्न सांगितले. निकालात आले सत्तेचाळीस. आमच्याकडे पासिंग पन्नासला, म्हणजे नापास. त्याचे मामा हळदीचे व्यापारी. ते तणतणत आले.

"आवं मॅडम, अकरा मार्क गेलं कुटं?"

मी म्हटलं, "वेगवेगळ्या भावाची हळद घेतलीत, तर सरासरी भाव काढताना कुठल्या भावाची किती पोती, हे बघणार ना? लेखीची पोती पन्नास, प्रोजेक्टची वीसच."

मामांना लगेच पटलं. भाच्याकडे वळून म्हणाले, "आनि तू वीस पोत्यांवर नाचत हुतास व्हय रं?"

मग टेबलावर वाकून हळूच मला म्हणाले, "मॅडम, मग जरा पोती इकडची तिकडं करा की. गोडाऊन तुमचंच हाय!"

*

पुढच्या वर्षी कदम सरांनी एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकला आणि एक रकाना चुकला. लेखीच्या मार्कांऐवजी पन्नास टक्के वेटेज रोल नंबरला! यादीत शेवटचा असलेला मुलगा वर्गात पहिला आला. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरून कंदी पेढे आले. चूक कळली तेव्हा बॉक्स रिकामा होता.

कदम सरांनी त्याला बोलावून घाबरत घाबरत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आई म्हणालीच हुती सर, परत एकदा विचारून ये!"

*

यंदाच्या वर्गात सुवर्णा होती. जतकडची, घरची मेंढरं. मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची नोकरी ठरली होती, पण कोर्सला साठ टक्के पडले तरच. लेखीत छप्पन्न आणि प्रॅक्टिकलला साठ आले, तेव्हा तिनं माझ्या टेबलापाशीच हिशेब केला.

"अठ्ठावीस आनि अठरा, शेहेचाळीस. मॅडम, प्रोजेक्टला सत्तर पायजेत. एक जरी कमी पडला, तर मी परत मेंढरांमागं!"

*

प्रोजेक्ट माझे मिस्टर तपासायचे, तेही इथलेच सर. एकेकाला समोर बसवून, पान न पान उलटून, मार्क तोंडी सांगायचे आणि शेवटी सगळ्यांची एंट्री एकदम करायचे. यंदा एंट्रीच्या आधीच ते गेले.

मी कामावर परत आले, तेव्हा प्रोजेक्टचा रकाना रिकामाच होता. प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना सत्तर देऊन टाकू." तसे देऊन यादी लावली. कुणाचीच तक्रार आली नाही.

दुपारी सुवर्णा आली. "मॅडम, माझं चुकलंय तिथं. सरांनी मला चाळीस सांगितलं हुतं."

कदम सर खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, चाळीस लावले तर बेरीज चोपन्न होते! मिरज गेलं तुझं! आणि सरांनी चाळीस सांगितले, हे माहीत कुणाला आहे?"

"मला हाय की."

"सगळ्या वर्गाला सत्तर दिलेत. मग तू एकटीच कशाला..."

"सत्तर लावलं, तर सरांनी माझं बघितलंच न्हाई असं हुतंय. त्यांनी बघितलं हुतं, सर. लय येळ बसून."

मी सत्तर पुसून चाळीस टाकले.

तिनं वाकून स्क्रीनवरची बेरीज बघितली.

"आता बरोबर हाय!"