मेतानाचं शेवटचं वाक्य

ऑड्रा विल्कॉशच्या गाडीत शेजारच्या सीटवर नेहमी कुणीतरी राजा बसलेला असे.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटत नसे. बाल्टिमोरच्या उत्तरेला, दवाखाने आणि विमा कंपन्या असलेल्या एका इमारतीत तिची कचेरी होती आणि तिथे एक खेळ तयार होत असे. खेळणारा एखादी संस्कृती निवडे, दगडी हत्यारांपासून सुरुवात करून पार चंद्रापर्यंत पोचे, आणि वाटेत त्याला इतर संस्कृतींचे पुढारी भेटत. पडद्यावर उभे राहून ते त्याच्याशी बोलत. आधी रामराम, मग धमकी, कधी तह, आणि राज्य बुडालं तर निरोपाचं एक वाक्य. दर दोन-तीन वर्षांनी या खेळाची पुरवणी निघे. तिच्यात नव्या संस्कृती आणि नवे पुढारी येत. कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत ऑड्रा होती.

ठरवायचं म्हणजे ती त्यांना गाडीतून हिंडवायची. किराणा आणायला, दाताच्या डॉक्टरकडे, रविवारी तळ्याच्या बाजूला. कुणी राजा सारखा आपल्याच लढायांबद्दल बोले. कुणी राणी खिडकीबाहेर बघत गप्प बसे आणि मध्येच विचारी, ‘इथली नदी कुठे गेली?’ जे लाल दिव्याशी कंटाळा आणत, ते पुढच्या कोपऱ्यावर उतरून जात. ऑड्राला त्याचं वाईट वाटत नसे.

ही खोड लहानपणची. तिचे वडील पावाची गाडी चालवत, आणि शनिवारी तिला बरोबर नेत. वाटेतल्या खानावळीत ताटाखाली कागद घालत, त्यावर राज्याचा नकाशा छापलेला असे. वडील कॉफी पीत तोवर ऑड्रा जॅमच्या बोटानं त्यावर सरहद्दी ओढी. एकेका उपसागराला राणी देई, बेटाला सेनापती. कागद गोळा करून फेकला जाई, पण पुढच्या शनिवारी तेच देश पुन्हा तिथेच असत. पुढे कॉलेजात इतिहास शिकायला गेली, तो अर्धाच राहिला. कचेरीत लागली ती फोन घ्यायला. एकदा कुणीतरी सहज विचारलं, अमक्या राजाची राजधानी कुठली, आणि तिनं उत्तर दिलं. तेव्हापासून तिची खुर्ची आतल्या खोलीत गेली.

पण इतक्या वर्षांत तिनं स्वतः सुचवलेला एकही पुढारी खेळात आला नव्हता. दुसऱ्यांनी आणलेल्यांना ती कपडे शोधून देई, बोलायला वाक्यं देई. शेवटची वाक्यं तर सगळी तिचीच. हरण्याचं कसं लिहावं हे ऑड्राला जमतं, असं कचेरीत म्हणत.

या खेपेला पुरवणीत एकच जागा उरली होती, आणि ऑड्राच्या गाडीत मेताना बसली होती.

मेताना ही बाल्टिमोरजवळच्या उपसागरापलीकडच्या वेनाकोक या मूळ रहिवाशांची पुढारी. तीनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या होड्या खाडीत शिरल्या तेव्हा तिनं सगळी वस्ती आपल्या होड्यांत घालून गवताळ दलदलीत नेली. नंतरच्या कागदांत ‘हे लोक आता उरले नाहीत’ एवढंच लिहिलेलं. ते उरले होतेच. तिथेच कालवं काढत होते, खेकडे पकडत होते, आणि जनगणनेवाल्यांना पाणी विचारत होते. मेताना गाडीत फारशी बोलत नसे. पण ती असली की ऑड्राला गाडीत ओल्या गवताचा वास येई.

“तुझी ती दलदलवाली,” तिचा वरिष्ठ ग्रेडी म्हणाला, “मला आवडते. खरंच. पण लोकांना आणखी एक रोमन हवाय.”

“तीन रोमन आहेत आपल्याकडे.”

“म्हणूनच तर. चौथा नसला की लोक चिडतात.” ग्रेडी खुर्चीत मागे रेलला. “शुक्रवारपर्यंत तिच्या लोकांचा होकार आण, मी वरती भांडतो. त्यांचा होकार नसेल तर आपण घेत नाही, तुला माहीत आहे. मग मी रोमनाला टोगा शिवायला टाकतो.”

बुधवारी ऑड्रा उपसागरावरचा लांबलचक पूल ओलांडून पलीकडे गेली. वेनाकोकांच्या पंचायतीनं तिला मिस इर्माकडे पाठवलं होतं. मेतानाच्या बाबतीत काय बोलायचं ते मिस इर्मा टल बोलतील, आणि त्यांचं ते सगळ्यांचं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं ‘मिस’च म्हणत.

मिस इर्मा पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. समोर खाडी इतकी स्तब्ध होती की आभाळ कुठे संपतं ते कळत नव्हतं.

“बस पोरी. इतक्या लांबून आलीस ते खेळाबद्दल बोलायला?”

“हो.”

“मोठी माणसं खेळतात?”

“जास्त करून मोठीच.”

“बरंय बाई त्यांचं,” मिस इर्मा म्हणाल्या आणि तिच्यापुढे कालवांच्या रश्शाची थाळी आणि मक्याचा पाव ठेवला.

दुपार शेंगांच्या सालींसारखी हलकी होऊन गेली. मेतानाचा अंगरखा कसा असावा, यावर मिस इर्मा हसत बोलल्या. “पिसं नकोत. दलदलीत पिसं घालून कोण फिरतं? दोन पावलांत ओली कोंबडी.” नाव कशी, वल्हं कुठल्या लाकडाचं, ती रागावली की काय करेल. “ओरडणार नाही. सोलायला घेईल काहीतरी.” ऑड्रा ऐकत होती, आणि पायरीवर बसलेली मेतानाही ऐकते आहे असं तिला वाटत होतं. जवळजवळ सगळ्यालाच हो मिळालं होतं.

“आता एकच राहिलं,” ऑड्रा म्हणाली. “ती हरली तर शेवटी काय बोलेल ते.”

मिस इर्मांची बोटं चालूच होती. “कोण हरलं?”

“खेळात. सगळ्याच पुढाऱ्यांना एक शेवटचं वाक्य असतं. मी लिहिलंय.” ऑड्रानं ते म्हणून दाखवलं. चांगलं वाक्य होतं. “आमच्या नद्या आता तुमच्या. त्यांना आमची नावं आठवतील.”

मिस इर्मांनी खाडीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “माझ्या आजीच्या वेळी इथे एक पाद्री आला होता, त्यालाही असंच...” आणि वाक्य तिथेच ठेवून उठल्या. टोपी नीट केली, घरातून मागच्या दारानं बाहेर पडल्या. थोड्या वेळानं होडीच्या इंजिनाचा आवाज आला, आणि लांब लांब गेला.

ऑड्रा थांबली. थाळीतला रस्सा गार झाला. शेंगांच्या टोपलीवर एक माशी येऊन बसली, उडाली, पुन्हा बसली. घरात कुणी नव्हतं. शेवटी तिनं पर्स उचलली आणि दार ओढून घेतलं. पुलावर तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

“उठूनच गेल्या?” दुसऱ्या दिवशी ग्रेडीनं विचारलं.

“मी हरण्याचं वाक्य म्हटलं आणि त्या उठून गेल्या.”

“म्हणजे नाही.” तो खरोखरच हळहळला. “सॉरी ऑड्रा. तू चांगली लढलीस. आता शेवटचं वाक्य म्हण.”

“गप्प बस, ग्रेडी.”

दुपारी फोन वाजला.

“पोरी, कुठे गेलीस तू?” मिस इर्मांचा आवाज खडखडीत होता. “मी येते तर पडवीत कुणी नाही. थाळी अर्धी टाकून?”

“तुम्ही उठून गेलात, मिस इर्मा. मला वाटलं, रागावलात.”

“रागावले असते तर तुला शेंगा सोलायला दिल्या असत्या. ओहोटी लागली होती, खेकड्यांचे पिंजरे कोण बघणार? दोन तासांत आले परत.”

“पण काही सांगितलं नाहीत. येते म्हणून...”

“दारात उभं राहून निरोप घ्यायचा? अगं, आमच्यात तसं करत नाहीत. निरोप घेतला की भेट संपली. आम्ही बोलता बोलता उठतो. मग पुढच्या वेळी तिथूनच बोलायचं. माझा नवरा असाच गेला एका सकाळी, तो परत आलाच नाही. मी अजून त्याच्याशी भांडणातलं राहिलेलं बोलते कधी कधी.” फोनमध्ये शेंग मोडल्याचा आवाज आला. “तर तो पाद्री. तो आजीला म्हणाला...”

ऑड्रानं फोन कानाला घट्ट धरला होता. पाद्र्याची गोष्ट ती नीट ऐकत नव्हती. तिला दलदल दिसत होती, आणि नावांत भराभर बसणारी माणसं, आणि काठावर अजून शिजत असलेलं काहीतरी.

“मिस इर्मा,” ती मध्येच म्हणाली, “मेताना निघाली तेव्हा ती काय बोलली असेल?”

“तेच तर मी कालपासून सांगतेय,” मिस इर्मा म्हणाल्या. “पाद्र्यानं हेच विचारलं होतं.”

मिस इर्मांचा होकार फोनवरच मिळाला होता, मेतानानं निरोप घ्यायचा नाही एवढ्याच अटीवर. शुक्रवारी ऑड्रानं कुणाला काही लिहून पाठवलं नाही. चित्रकारांकडून कच्ची रेखाटनं जुळवून घेतली आणि ग्रेडीला पडद्यापुढे बसवलं. “खेळ,” ती म्हणाली. “जिंक.”

ग्रेडी हसत जिंकत गेला. वेनाकोकांचं शेवटचं गाव पडलं आणि मेताना समोर आली. गवतात बसली होती, हातात वाडगा. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, दोन शब्द बोलली. मग तिसऱ्या शब्दाआधी वाडगा खाली ठेवून उठली आणि गवतात शिरली. गवत हललं, थांबलं. वाडग्यातून वाफ येत राहिली.

“अडकलं,” ग्रेडी म्हणाला.

“नाही.”

“मग पुढे?”

“पुढे काही नाही.”

“लोक तक्रार करतील, ऑड्रा. जिंकल्याचं कुणी कबूलच केलं नाही तर माणूस जिंकला कसा?” पडदा बंद करायला त्याचं बोट पुढे गेलं होतं, ते तिथेच राहिलं. वाफ अजून येत होती. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ग्रेडी गवताकडे बघत राहिला.

“ती काय सांगत होती?” त्यानं शेवटी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

“माहीत नाही.”

“तुला माहीत नाही? तूच लिहिलंस ना?”

“नाही लिहिलं.”

त्यानं वाडग्याला धक्का न लावता हळूच खुर्ची मागे घेतली, जणू तो वाडगा खोलीतच ठेवलेला होता. “रोमनाचा टोगा थांबवतो,” म्हणाला, आणि वरच्या मजल्यावर भांडायला गेला. तासाभरानं खाली आला तो कान लाल करून. “घेतलं तिला,” म्हणाला.

शनिवारी ऑड्रा पुन्हा पुलावर होती. सीटवर कुणी नव्हतं. ओल्या गवताचा वास मात्र होता. खिडकी उघडी असल्यामुळेही असेल.

मिस इर्मांनी सगळं ऐकून घेतलं. वाडग्याचं ऐकून त्या मोठ्यानं हसल्या. “आणि तुमचा साहेब बसला बघत?”

“बसला.”

“शहाणा आहे.” त्यांनी झाकलेली थाळी पुढे सरकवली. ताजीच होती, पण त्या म्हणाल्या, “तुझी राहिलेली.”

ऑड्रा जेवली. खाडी आजही तशीच स्तब्ध होती. मिस इर्मा पाद्र्याची गोष्ट पुढे सांगत होत्या. आता आजी चुलीजवळ आली होती, पाद्र्याच्या हातात टोपी होती, आणि ओहोटी लागली होती. ऑड्राच्या मनात आलं, अजून जरा बसावं. मग तिनं पावाचा अर्धा तुकडा थाळीत ठेवला, पर्स घेतली आणि उठली. पायऱ्या उतरताना ‘येते’ हा शब्द ओठांशी आला, तो तिनं गिळला.

मागे मिस इर्मांचा आवाज चालूच होता. “...तर आजीनं त्याला विचारलं...”

शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला नाही.